कोल्हापूर ते मुंबई: विमानाला २५ मिनिटं, तिकिटावर तास, मग आपण हिशोब कुठला धरायचा?

हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी हा मजकूर. आजचा प्रश्न एकदम साधा: कोल्हापूर ते मुंबई अंतर किती?

पुण्यावरून रस्त्याने गेलात तर साधारण ३८० किलोमीटर. मिरज-पुणे करत जाणाऱ्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने ५१८. आणि हवेतून सरळ? जवळपास ३१०. तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त वाट वेगळी.

हे ३१० कसं काढतात? उजळाईवाडी आणि मुंबई, दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरायची आणि हॅवरसाइन नावाच्या सूत्रात टाकायचं. पाच-सहा ओळींचा कोड, बस्स. अंतर सांगणाऱ्या बऱ्याच वेबसाइट आतून हेच करतात. मग त्या अंतराला ताशी ८०० ने भागलं की उत्तर येतं २३-२४ मिनिटं. पंखे असलेलं एटीआर विमान असेल तर ताशी ५०० धरा, म्हणजे ३७ मिनिटं.

मग तिकिटावर तासभर का लिहिलेला असतो?

कारण तिकिटावरची वेळ उड्डाणाची नसते. विमान उभ्या जागेवरून हललं तिथून ते मुंबईत जागेवर थांबेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं आलं, नंबर लागायची वाट बघणं आलं. शिवाय एवढ्या छोट्या प्रवासात विमान चढतं आणि लगेच उतरायला लागतं, पूर्ण वेग मिळतो तो थोडाच वेळ. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. गर्दी असली की विमान वरच घिरट्या घालतं. हे फक्त आपल्याकडेच असं नाही हं. लंडनचं हीथ्रो ते पॅरिसचं शार्ल द गोल हे अंतर सुमारे ३५० किलोमीटर, तरी वेळापत्रकात तासापेक्षा जास्तच वेळ असतो.

आता मुद्द्याचं. समजा, तुमची बहीण शिकायला जर्मनीला निघाली आहे. कोल्हापूर-मुंबई एक तिकीट, पुढचं वेगळं. 'तासाभरात तर पोचते' म्हणून मध्ये दोनच तास ठेवले, तर गणित फसू शकतं. बॅग घेणं, गरज पडल्यास टर्मिनल बदलणं, पुन्हा चेक-इन, इमिग्रेशन, सिक्युरिटी. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी या असं सांगतात, ते यासाठीच. दोन्ही प्रवास एकाच बुकिंगवर असतील आणि पहिलं विमान लेट झालं, तर पुढची सोय सहसा कंपनी बघते. तिकिटं वेगळी असतील तर पुढच्या तिकिटाचे पैसे बहुतेक वेळा आपलेच जातात.

म्हणून वेगळी तिकिटं असली तर मध्ये निदान पाच-सहा तास ठेवा. पावसाळ्यात तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा, रात्रीची रेल्वे आहेच की!

तर भावांनो, बहिणींनो, अंतर मॅपवर बघा, पण वेळ घरापासून मोजा. घरात कुणी परदेशी निघालं असेल तर त्यांना हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!