कपाटातल्या कॅसेटपासून तीन प्रतींपर्यंत

१९९५ साली डीव्ही टेप आली आणि पुढची काही वर्षं व्हिडिओ एडिटरला बॅकअपची वेगळी फिकीर करावी लागली नाही. तासाभराचं फुटेज संगणकात साधारण १३ जीबी जागा खायचं. काम हातावेगळं झालं की हार्डडिस्क बिनदिक्कत रिकामी व्हायची, कारण मूळ चित्रण टेपवर शाबूत असे. कॅसेटच्या कडेची बारीक पट्टी ‘सेव्ह’कडे सरकवायची, बॉलपेनने नाव-तारीख टाकायची आणि कॅसेट कपाटात. फुटेज पुन्हा लागलं तर पुन्हा कॅप्चर करायचं.

ज्यांचं काम संगणकावरच जन्माला येत होतं, त्यांना हा आधार नव्हता. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’च्या फायली एका चुकीच्या कमांडने भराभर पुसल्या गेल्या. बॅकअपची व्यवस्था होती, पण ती नीट चालत नसल्याचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन यांच्यामुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या, म्हणून घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून, मोटारीत घालून स्टुडिओत आणला गेला.

२००४ मध्ये पॅनासॉनिकची पी-टू कार्डं आली आणि कपाटातली कॅसेट हद्दपार होऊ लागली. ४ जीबीचं कार्ड जेमतेम पाव तासात भरायचं. डेटा उतरवायचा, कार्ड पुसायचं, पुन्हा कॅमेऱ्यात घालायचं. म्हणजे मूळ प्रतच पुसली जाऊ लागली. आपसूक मिळणारी दुसरी प्रत आता आठवणीने करणं आलं. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम एडिटिंगच्या खोल्यांतही शिरला: प्रती तीन, माध्यमं दोन, आणि एक प्रत दुसऱ्या जागी.

२०११ ने दोन्हीकडून कोंडी केली. मार्चमधल्या भूकंप-त्सुनामीत सोनीचा सेंदाईजवळचा कारखाना बंद पडला आणि एचडीकॅम एसआर टेपची जगभर टंचाई झाली. टेपऐवजी फाइल देण्या-घेण्याकडे अनेकजण तेव्हाच वळले. वर्षाअखेरीस थायलंडच्या पुरात हार्डडिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि डिस्कचे भाव भडकले.

मग फोर-के आलं. प्रोरेझ ४२२ एचक्यू या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये, सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर, तासाला सुमारे ३३० जीबी, डीव्हीच्या पंचवीसपट! मोठ्या संग्रहांना पुन्हा टेपच परवडू लागली, पण एलटीओ ही डेटा साठवण्याची टेप. २००० साली तिची पहिली पिढी १०० जीबीची होती, २०२१ मधली नववी १८ टीबीची. मात्र आठव्या पिढीचा ड्राइव्ह सहाव्या पिढीची टेप वाचत नाही. त्यामुळे जुना ड्राइव्ह चालू ठेवा, नाहीतर दर काही वर्षांनी सगळा साठा नव्या टेपवर चढवा.

हिशेब आता शूटिंगआधीच होतो. दहा तासांचे असे रश (कच्चं चित्रण) म्हणजे ३.३ टीबी, तीन प्रतींचे दहा. म्हणून कॅमेऱ्याच्या भाड्याखाली हार्डडिस्कचा खर्चही कोटेशनमध्ये लिहावा लागतो.