विश्लेषण : व्हर्च्युअल मशीनच्या बॅकअपमध्ये ‘डिफॉल्ट’वर भिस्त का धोक्याची?

ऑस्ट्रेलियातील ‘युनिसुपर’ या निवृत्तिवेतन निधीच्या सहा लाखांहून अधिक सदस्यांना मे २०२४ मध्ये जवळपास आठवडाभर आपले ऑनलाइन खाते उघडता आले नाही. हा सायबर हल्ला नव्हता, की आगही लागली नव्हती. एका अंतर्गत साधनात एक रकाना रिकामा राहिला आणि त्या जागी यंत्रणेने स्वत:चे ‘डिफॉल्ट’ मूल्य भरले, एवढेच कारण होते. बँका, रुग्णालये, महाविद्यालये आणि लहान उद्योगही आता आपली कामे व्हर्च्युअल मशीनवर चालवतात. त्यामुळे बॅकअप आणि रिस्टोअरच्या डिफॉल्ट सेटिंगमध्ये नेमके काय दडलेले असते, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

युनिसुपरमध्ये काय घडले?

युनिसुपरच्या यंत्रणा गूगल क्लाउडवर होत्या. गूगलने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, २०२३ मध्ये युनिसुपरसाठी खासगी क्लाउड उभारताना एका अंतर्गत साधनात मुदतीचा रकाना कोरा राहिला. यंत्रणेने त्याचा अर्थ ‘एक वर्षाची मुदत’ असा लावला. वर्ष संपताच सगळा खासगी क्लाउड आपोआप पुसला गेला. हे पुसण्याची मागणी ग्राहकाने केलेली नसल्याने पूर्वसूचनाही गेली नाही. निधीतील पैसा सुरक्षित होता. मात्र सेवा परत उभी राहिली ती स्वतंत्र साठवणुकीत आणि दुसऱ्या पुरवठादाराकडे ठेवलेल्या बॅकअपमुळे. डिफॉल्टमुळे यंत्रणा गेली आणि विचारपूर्वक ठेवलेल्या प्रतींमुळे ती परत आली.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय?

एका शक्तिशाली सर्व्हरवर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक ‘आभासी’ संगणक चालवता येतात. एका इमारतीत वेगवेगळी बिऱ्हाडे असावीत तसे हे असते. प्रत्येकाची ऑपरेटिंग सिस्टीम, डिस्क आणि नेटवर्कचा पत्ता वेगळा. पण या संगणकाची डिस्क म्हणजे प्रत्यक्षात एक मोठी फाइल असते. त्यामुळे संपूर्ण संगणकाची प्रत काढणे सोपे आणि तो पुसून टाकणेही तितकेच सोपे. उदाहरणार्थ, अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवरील यंत्र ‘टर्मिनेट’ केले, की त्याची मूळ डिस्कही डिफॉल्टने पुसली जाते. ती राखायची असेल तर सेटिंग आधीच बदलावे लागते.

स्नॅपशॉट हाच बॅकअप का?

नाही. स्नॅपशॉट म्हणजे यंत्राच्या एखाद्या क्षणाच्या स्थितीवर लावलेली खूण. व्हीएमवेअरसारख्या प्रणालीत त्यानंतरचे बदल वेगळ्या फाइलमध्ये साठत जातात. परंतु मूळ डिस्क बिघडली तर तिच्यावर आधारलेला स्नॅपशॉटही निरुपयोगी ठरतो. शिवाय तो जितका जुना तितका जागा खातो आणि यंत्र मंदावतो. म्हणूनच व्हीएमवेअरच्या मार्गदर्शनानुसार एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त काळ ठेवू नये. सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यापूर्वीची खबरदारी म्हणून तो उत्तम. वर्षभराच्या हिशेबांचा राखणदार म्हणून नाही.

डिफॉल्ट सेटिंग काय काय ठरवते?

प्रत किती वेळा घ्यायची, किती दिवस ठेवायची, कोणत्या वेळी घ्यायची आणि कशी घ्यायची, या चार गोष्टी प्रामुख्याने ठरतात. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडमधील डिफॉल्ट धोरण दिवसातून एक प्रत घेते आणि ती ३० दिवस ठेवते. दिवसाला एक प्रत याचा अर्थ असा, की संध्याकाळी यंत्र बंद पडले तर दिवसभराच्या नोंदी जाऊ शकतात. शाळेच्या संकेतस्थळाला हे परवडेल. दिवसभर पावत्या फाडणाऱ्या पतसंस्थेला परवडणार नाही. ३० दिवसांचेही तसेच. ३१ मार्चच्या ताळेबंदातील गडबड जुलैच्या लेखापरीक्षणात उघड झाली, तर मार्चची प्रत तोपर्यंत पुसलेली असेल.

वेळेचा घोळ वेगळाच. अनेक क्लाउड सेवांत वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत धरली जाते. तेथे ‘रात्री २’ लिहिले असेल, तर भारतात सकाळचे साडेसात वाजलेले असतात. कामाच्या वेळेत बॅकअप सुरू झाला, की यंत्रणा संथ होते आणि कोणीतरी वैतागून तो बंद करतो.

चौथी बाब म्हणजे प्रतीचा दर्जा. चालू यंत्राची प्रत नुसती डिस्कवरून उचलली, तर ती अचानक वीज गेलेल्या संगणकासारखी असते. अर्धवट नोंदवलेले व्यवहार त्यात तसेच राहतात. डेटाबेसला क्षणभर थांबवून, मेमरीतील नोंदी डिस्कवर उतरवून घेतलेली प्रत अधिक भरवशाची. त्यासाठी यंत्रात आवश्यक सहायक सॉफ्टवेअर बसवलेले आहे ना, हे पाहावे लागते.

प्रत कुठे ठेवली जाते?

फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे १० मार्च २०२१ रोजी ‘ओव्हीएच’ कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक इमारत पूर्ण नष्ट झाली. बॅकअप सेवा घेतलेल्या काही ग्राहकांच्या प्रतीही त्याच परिसरात होत्या आणि त्याही गेल्या. एका ग्राहकाचे प्रकरण न्यायालयात गेले आणि कंपनीला भरपाई देण्याचा आदेश झाला. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी, हा ‘३-२-१’ नियम यासाठीच सांगितला जातो. त्यातली एक प्रत अशी असावी, की ठरावीक मुदतीपर्यंत प्रशासकालाही ती पुसता येऊ नये. रॅन्समवेअर टोळ्या आधी बॅकअपच शोधतात. मुख्य यंत्रणा आणि बॅकअप यांचा पासवर्ड एकच असेल, तर दोन्ही एकाच चावीने उघडतात.

रिस्टोअर करताना डिफॉल्ट कुठे फसवते?

रिस्टोअरमध्ये साधारण दोन पर्याय असतात : प्रतीतून नवे यंत्र उभे करणे किंवा जुन्या यंत्रावरच प्रत चढवणे. दुसऱ्या पर्यायात सध्याची डिस्क बदलली जाते. घाईत तो निवडला आणि प्रत सदोष निघाली, तर हातातले यंत्रही जाते. म्हणून आधी नवे यंत्र, वेगळ्या नेटवर्कवर, हा क्रम सुरक्षित. अन्यथा एकाच आयपी पत्त्याची दोन यंत्रे एकमेकांना अडवतात, किंवा जुन्या प्रतीतील ठरलेली कामे, ग्राहकांना ईमेल पाठवण्यासारखी, पुन्हा सुरू होतात.

बॅकअप होत आहे, हे कसे कळणार?

‘गिटलॅब’ या सॉफ्टवेअर साठवणुकीच्या सेवेचा अनुभव यासंदर्भात बोलका आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेसचा सुमारे ३०० जीबी विदा पुसला. मग एकेक बॅकअप तपासला गेला. रोजची प्रत घेणारे साधन डिफॉल्टने डेटाबेसच्या जुन्या, ९.२ आवृत्तीसाठीचे निघाले. डेटाबेस मात्र ९.६ आवृत्तीचा होता. त्यामुळे प्रत तयारच होत नव्हती. अपयशाची सूचना देणारे ईमेल नाकारले जात होते. डिस्कचे स्नॅपशॉट डेटाबेस सर्व्हरसाठी सुरूच केलेले नव्हते. चाचणीच्या कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने सेवा वाचवली. मधल्या तासांतील नोंदी कायमच्या गेल्या. गिटलॅबने हा सारा तपशील स्वत: जाहीर केला.

भारतातील अनुभव काय सांगतो?

दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टीबी विदा कुलूपबंद झाला आणि बाह्यरुग्ण विभागापासून दाखल रुग्णांपर्यंतची कामे कागदावर करावी लागली. ई-हॉस्पिटलचा विदा मात्र हल्ल्यातून बचावलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून परत मिळवता आला, अशी माहिती सरकारने संसदेत दिली. तरीही सेवा पूर्ववत होण्यास दिवसांमागून दिवस गेले. म्हणजे प्रत असणे आणि ती वेळेत उभी करता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग सेटिंग ठरवावे कसे?

दोन प्रश्नांपासून सुरुवात करावी. किती तासांचे काम गेले तर चालेल? आणि किती तास सेवा बंद राहिली तर चालेल? पहिल्याचे उत्तर बॅकअप किती वेळा घ्यायचा ते सांगते, दुसऱ्याचे उत्तर तो कुठे आणि कसा ठेवायचा ते. ही उत्तरे संगणक विभागाने एकट्याने नव्हे, तर काम करणाऱ्या विभागाने द्यायची असतात. त्यानुसार प्रत्येक डिफॉल्ट तपासून लेखी नोंद ठेवावी. नवे यंत्र सुरू होताच ते बॅकअपच्या यादीत आपोआप येते का, हेही पाहावे. नंतर उभारलेली यंत्रे यादीबाहेर राहणे ही नेहमीची चूक. दर तीन महिन्यांनी एक यंत्र प्रत्यक्ष रिस्टोअर करून त्यात लॉगिन करावे, ताजी नोंद कोणती आहे ते वाचावे आणि लागलेला वेळ लिहून ठेवावा.

सॉफ्टवेअर कंपनीने डिफॉल्ट ठरवले तेव्हा तिच्यासमोर सरासरी ग्राहक होता. पतसंस्थेची मार्चअखेर, रुग्णालयाची रात्रपाळी किंवा महाविद्यालयाचे प्रवेश तिला ठाऊक नव्हते. ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांनीच तो रकाना भरायला हवा.