किती प्लास्टिक जळते, किती पुरले जाते?

घुग्घुस : कोळसा खाणी, सिमेंट आणि स्पंज आयर्नचे कारखाने यांच्या धुळीने वेढलेले हे गाव. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी केली, तेव्हा चंद्रपूरच्या पट्ट्यात ताडाळी, बल्लारपूर यांच्याबरोबर घुग्घुसचाही समावेश होता. अशा हवेत उघड्यावर जळणाऱ्या प्लास्टिकच्या धुराची भर किती पडते, हे कळणे आवश्यक आहे. मात्र जळालेले प्लास्टिक वजनकाट्यावर येत नाही.

घरातून निघालेल्या प्लास्टिकला चार वाटा असतात : भंगार, सिमेंट भट्टी, कचरा डेपो आणि आगटी. भट्टी आणि आगटी दोन्हीकडे ते ‘जळते’, पण फरक मोठा आहे. भट्टीत कच्चा माल सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. रस्त्याकडेच्या ढिगात ज्वलन अर्धवट होते. काजळी निघते आणि पीव्हीसी असल्यास डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्येही.

पहिल्या तीन वाटांची मोजणी शक्य आहे. चौथीचा अंदाज वजाबाकीनेच काढावा लागतो. समजा, एखाद्या गावात रोज १० टन कचरा निघतो आणि त्यात ७ टक्के, म्हणजे ७०० किलो प्लास्टिक आहे. भंगारात ३००, भट्टीकडे १०० आणि डेपोत २०० किलो गेले, तर १०० किलोचा हिशेब लागत नाही. ते जळाले, नाही तर नाल्यात गेले.

खरी मेख पुढे आहे. प्लास्टिकचे प्रमाण ७ ऐवजी ६ टक्के धरले, तर बेहिशेबी प्लास्टिक शून्यावर येते. ८ टक्के धरले, तर दुप्पट होते. केंद्रीय मंडळाने मागील दशकाच्या प्रारंभी ६० शहरांची पाहणी केली, तेव्हा हे प्रमाण चंडीगडमध्ये ३.१० टक्के, तर सुरतेत १२.४७ टक्के आढळले. शिवाय ढिगातील पिशव्यांना माती आणि ओल चिकटलेली असते. त्या धुऊन, वाळवून तोलल्या नाहीत, तर आकडा फुगतो.

देशपातळीवरही हीच गत आहे. त्या पाहणीतून रोज २५,९४० टन, म्हणजे वर्षाला सुमारे ९५ लाख टन प्लास्टिक कचऱ्याचा अंदाज निघाला. मंडळाच्या २०२०-२१ च्या वार्षिक अहवालात मात्र ४१.२६ लाख टनांचीच नोंद आहे. हा अहवाल स्थानिक संस्थांनी राज्य मंडळांना कळवलेल्या आकड्यांवर उभा असतो. जे गोळाच झाले नाही, ते त्यात कसे येणार? ब्रिटनमधील लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, भारतात वर्षाकाठी सुमारे ५८ लाख टन प्लास्टिक उघड्यावर जळते.

म्हणूनच घुग्घुससारख्या गावासाठी एकच ठाम आकडा सांगण्यापेक्षा ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असे सांगणे अधिक प्रामाणिक ठरेल. त्यासाठी उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळ्यात घंटागाडीतील नमुना वेगळा करून तोलणे, डेपोवर वजनकाटा बसवणे आणि भंगार दुकानांतील खरेदीची नोंद घेणे, एवढे तरी करावे लागेल. तोवर कागदावरचा शून्य आकडा म्हणजे धूर नाही, असे समजण्याचे कारण नाही.