लिंकवरचे क्लिक आणि लेखांचे वाचन

महाविद्यालयाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ई-जर्नल्स, ई-बुक्स आणि डेटाबेसच्या लिंकांची लांबलचक यादी असते. त्या यादीतून वाचक कुठवर पोहोचतो, हे मोजताना काही समजुती हमखास आडव्या येतात.

गैरसमज : जितके क्लिक, तितका वापर.

वस्तुस्थिती : क्लिक दाराशी मोजला जातो, वापर घरात. विद्यार्थी लिंक दाबतो, लॉगिनचे पान येते, पासवर्ड आठवत नाही म्हणून तो परत फिरतो. क्लिक मात्र नोंदला गेलेला असतो. उलट एकाच क्लिकवर आत शिरलेला संशोधक दहा लेख उतरवून घेतो. हा वापर प्रकाशकाच्या सर्व्हरवर मोजतात, तोही ‘काउंटर’ या आचारसंहितेनुसार. तिची पहिली आवृत्ती 2003 मध्ये आली. पाचव्या आवृत्तीच्या नियमानुसार त्याच वाचकाने तोच लेख 30 सेकंदांच्या आत पुन्हा उघडला, तर ती एकच मागणी धरली जाते.

गैरसमज : काउंटरच्या अहवालावरून आपले संकेतस्थळ किती चालते ते कळते.

वस्तुस्थिती : लेख किती वेळा उघडले ते कळते, वाचक कुठून आला ते नाही. कॅम्पसमध्ये आयपी पत्त्यावर प्रवेश मिळतो, त्यामुळे गूगल स्कॉलरवरून लेखावर जाणाऱ्याच्या वाटेत ग्रंथालयाचे पान येतच नाही. 1 जानेवारी 2025 पासून केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेने सुमारे 13,000 नियतकालिके खुली केली, तिथेही हेच. म्हणून दोन्ही आकडे शेजारी मांडावेत. क्लिक भरपूर आणि काउंटरचा आकडा नगण्य असेल, तर आधी लॉगिन तपासावे. क्लिक मोजके आणि वापर भरपूर, म्हणजे लोक दुसऱ्या वाटेने येत आहेत. अशा वेळी क्लिक कमी दिसले म्हणून डेटाबेसच बंद करणे, हा माझ्या मते या विषयातला सर्वांत महागडा गैरसमज.

गैरसमज : गूगल अॅनालिटिक्स बसवले की सगळे आपोआप मोजले जाते.

वस्तुस्थिती : जुन्या युनिव्हर्सल अॅनालिटिक्समध्ये बाहेर जाणारे क्लिक मोजायला वेगळी जोडणी करावी लागे. चौथ्या आवृत्तीत ते मोजले जातात, पण ‘एन्हान्स्ड मेजरमेंट’ चालू असेल तरच. शिवाय लिंक ईझीप्रॉक्सी या कॅम्पसबाहेरून प्रवेश देणाऱ्या प्रॉक्सी प्रणालीमार्फत जात असेल, तर डोमेनच्या रकान्यात प्रॉक्सीचेच नाव दिसते. वाचक जेस्टोरकडे गेला की सायन्सडायरेक्टकडे, हे पूर्ण यूआरएल पाहिल्याशिवाय समजत नाही. एकाच पानावर तीच लिंक दोन ठिकाणी असेल, तर दोघींना वेगळी खूण द्यावी. नाहीतर क्लिक एकमेकांत मिसळतात.

गैरसमज : मोजणीसाठी वाचकाचे नाव हवेच.

वस्तुस्थिती : प्रॉक्सीच्या नोंदींत यूजरनेम ठेवता येते, पण विभाग कोणता आणि वाचक विद्यार्थी की प्राध्यापक, एवढे पुरते. कोणी काय वाचले, हे प्राचार्यांनाही कळायचे कारण नाही.