पेनड्राइव्हवरचा छोटा बाण

तुमच्या ग्रामसंघाचा कॉम्प्युटर कुठे ठेवलाय? आमचा आमच्या सचिवताईंच्या घरी, देवघराशेजारच्या खोलीत आहे. ग्रामसंघाची खोली पावसात गळते आणि रात्री तिथं कुणी नसतं, म्हणून सभेत ठराव करून तो ताईंकडे दिला. तेव्हापासून तो ग्रामसंघाचाही आहे आणि घराचाही. दुपारी त्यावर बारा गटांचे हिशेब, संध्याकाळी ताईंच्या मुलाचा शाळेचा प्रकल्प, आणि रात्री गेम. गेमचं आम्हाला फार उशिरा कळलं.

घरातले सगळेच कॉम्प्युटरला हात लावतात, म्हणून आम्ही एक शहाणपणा केला होता. हिशेब कॉम्प्युटरमध्ये ठेवायचेच नाहीत. ते एका पेनड्राइव्हवर ठेवायचे आणि पेनड्राइव्ह कपाटात. दागिन्यांच्या डबीत असायचा तो. त्याहून सुरक्षित जागा कोणती, असं आम्हाला वाटायचं.

मग बँकेला कर्जाचा प्रस्ताव द्यायची वेळ आली. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी मोठ्या प्रमाणावर करायची म्हणून मशीन घ्यायचं होतं. आमच्या प्रिंटरमधली शाई संपलेली. आम्ही तोच पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला, एसटीनं तालुक्याला गेलो, झेरॉक्सच्या दुकानात कागद काढले आणि परत आलो. संध्याकाळी ताईंनी पेनड्राइव्ह घरच्या कॉम्प्युटरला लावला. फोल्डर उघडले, हिशेब दिसले. मुलगा मागून म्हणाला, ‘आई, फोल्डरच्या चित्रावर हा छोटा बाण कसला?’ ताई म्हणाल्या, ‘असेल काहीतरी, तू अभ्यास कर.’

पाच-सहा दिवसांनी कॉम्प्युटर रखडायला लागला. गावातल्या एका हुशार मुलाला बोलावलं. त्यानं तपासणी लावली, व्हायरस सापडला, कॉम्प्युटरनं तो काढूनही टाकला. आम्ही सुटकेचा श्वास टाकतोय तोच फोल्डर उघडेनासे झाले. बाण होता, नाव होतं, आत काही नाही. मुलगा म्हणाला, ‘फाइली गेल्या. आता फॉरमॅट करावा लागेल.’ आम्ही म्हटलं, कर बाबा. त्यानं पेनड्राइव्ह पुसला, कॉम्प्युटर पुसला, विंडोज नव्यानं टाकलं आणि पेनड्राइव्ह चालतो का बघायला त्यावर भजनांचे व्हिडिओ भरले. चहासुद्धा न घेता गेला बिचारा. त्याला आम्ही दोष देत नाही. हो आम्हीच म्हटलं होतं.

दोन वर्षांचे हिशेब गेले.

पुढच्या महिन्यात एका कॉम्प्युटरच्या क्लासमधल्या बाईंना ही हकीकत सांगितली. त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, ‘अहो, फाइली गेल्याच नव्हत्या. लपल्या होत्या.’

हे नीट समजून घ्या, कारण हा प्रकार अजूनही गावोगाव फिरतोय. या जातीचा व्हायरस तुमच्या फाइली खात नाही. तो खऱ्या फोल्डरला ‘लपलेला’ अशी खूण करतो आणि त्याच्या जागी त्याच नावाचा शॉर्टकट ठेवतो. बाण म्हणजे शॉर्टकटची खूण. तुम्ही त्यावर दाबलं की आधी व्हायरस चालू होतो, कॉम्प्युटरमध्ये शिरतो, आणि मग तुमचा खरा फोल्डर उघडून दाखवतो. म्हणून तुम्हाला संशय येत नाही. त्यानंतर त्या कॉम्प्युटरला जो पेनड्राइव्ह लागेल त्याची हीच गत. आमच्या मुलानं व्हायरस काढला तेव्हा दार उघडणारा गेला, म्हणून शॉर्टकट चालेना. खरे फोल्डर तिथंच, त्याच पेनड्राइव्हवर, लपून बसलेले. फोल्डरच्या खिडकीत वरती ‘व्ह्यू’ असतं, त्यात ‘हिडन आयटम्स’ असं लिहिलेलं असतं. तिथं टिचकी मारली की काही वेळा अंधुक रंगात ते दिसतात. तेवढ्यानं नाही दिसले तर जाणकार माणूस एक छोटी आज्ञा देऊन ती खूण काढतो. पाच मिनिटांचं काम होतं. पुसल्यानंतरही कदाचित काही परत मिळालं असतं, पण वरून भजनं भरल्यामुळे तीही वाट बंद झाली.

म्हणून आमचं पहिलं सांगणं : घाईनं फॉरमॅट करू देऊ नका. बाण दिसला की त्यावर दाबू नका, पेनड्राइव्ह काढा, बाजूला ठेवा आणि माहितगार माणूस येईपर्यंत त्यावर काहीही नवं भरू नका. हिशेबाचा पेनड्राइव्ह दोन दिवस बंद राहिला तर गावाचं काही अडत नाही.

आता हे किती महागात पडलं ते सांगतो. कॉम्प्युटर आल्यापासून आम्ही जरा सैलावलो होतो. पासबुकं भरायचो, पण सभासद खातेवही मागे पडली होती. हिशेब पुन्हा मांडायला प्रत्येक गटाला पासबुकं घेऊन बोलावलं. तीन रविवार गेले. एका गटातल्या वयस्कर काकूंचं पासबुक त्यांच्या लेकीकडे राहिलं होतं, त्यामुळे दोन महिन्यांचे हप्ते त्यात चढलेच नव्हते. काकू म्हणत होत्या, ‘मी शेजारणीच्या हातानं पैसे पाठवले.’ शेजारीण म्हणत होती, ‘मी दिले.’ नोंद कॉम्प्युटरवर केली होती, आणि ती गेली होती. मैत्रिणींनो, बाराशे रुपयांचा हप्ता. त्या संध्याकाळी अशी शांतता होती की काय सांगावं. एकजण हळूच म्हणाली, ‘म्हणजे आता ज्याचं त्यानं सांगायचं का?’ काकू उठून जायला निघाल्या.

तेव्हा आमच्या अध्यक्ष काकूंना बँकेच्या भरणा पावत्या आठवल्या. त्या एका पिशवीत होत्या. पहिल्या महिन्याच्या पावतीवर ९,८०० रुपये. बाकीच्या दहाजणींच्या पासबुकांची बेरीज केली, ८,६०० भरली. फरक १,२००. दुसऱ्या महिन्याचंही तसंच निघालं. काकू बसल्या, पाणी प्यायल्या. कागदाच्या एका पिशवीनं त्या दिवशी गट वाचवला.

आता आम्ही काय करतो ते ऐका. हिशेब कॉम्प्युटरमध्ये आहेत, आणि त्याच्या प्रती दोन पेनड्राइव्हवर. एका सभेला पहिल्यावर प्रत काढायची, पुढच्या सभेला दुसऱ्यावर. दोन कशाला, असं आमच्यातल्याच काहींनी विचारलं. कारण असं की, कॉम्प्युटरमधली फाइल बिघडली असेल आणि ते लक्षात न येता तिचीच प्रत काढली, तर चांगली प्रत पुसली जाते. दुसऱ्यावर निदान मागच्या महिन्याची धड प्रत राहते. प्रत काढली की एखादी फाइल उघडून बघायची. आणि पेनड्राइव्ह लगेच काढून अध्यक्ष काकूंच्या घरी, म्हणजे दुसऱ्या आळीत. कॉम्प्युटरला लावूनच ठेवला तर ती प्रत नव्हे. जे दुखणं कॉम्प्युटरला होईल तेच तिलाही होणार. एकाच घरात ठेवला तर चोरी झाली, आग लागली, दोन्ही जाणार.

झेरॉक्सच्या दुकानासाठी तिसरा पेनड्राइव्ह आहे. त्याला लाल दोरा बांधलाय. त्यावर फक्त छापायचा कागद जातो. दुकानात दिवसभरात कितीतरी जणांचे पेनड्राइव्ह लागतात, दुकानदाराच्या मनात काही वाईट नसलं तरी. लाल दोऱ्याचा घरी आला की आधी त्याच्या नावावर उजवं बटण दाबून तपासणी लावायची, मगच उघडायचा. ईमेलनं पीडीएफ पाठवता आली तर तो न्यायचाच नाही.

हातातून हातात रोग जाणं हे काही नवं नाही. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस घरगुती कॉम्प्युटरच्या सुरुवातीच्या व्हायरसांपैकी एक. त्यात त्या भावांची नावं आणि फोन नंबरसुद्धा होते! तेव्हा घरोघर इंटरनेट कुठलं? लोकांनीच तो फ्लॉपीवरून या मशीनवरून त्या मशीनवर, देशोदेशी नेला. आम्ही एसटीनं आणला, इतकाच फरक.

पण सगळेच व्हायरस माणसानं आणायची वाट बघत नाहीत. १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ नावाचा प्रकार सुरू झाला आणि दीडशेहून जास्त देशांत पसरला. तो फाइलींना कुलूप लावायचा आणि किल्लीसाठी ३०० डॉलर मागायचा. इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांत ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या भोकातून तो शिरत होता ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं त्याआधी, मार्च महिन्यातच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती, ते सापडले. म्हणून कॉम्प्युटर ‘अपडेट’ म्हणतो तेव्हा ‘नंतर’ वर दाबत बसू नका. आम्हीही दाबायचो, डेटा जातो, वेळ जातो. आता महिन्यातून एक दुपार त्यासाठीच ठेवतो.

यात एक अडचण आहे, ती लपवत नाही. गटांकडे बहुतेक जुने, कुणीतरी दिलेले कॉम्प्युटर असतात. विंडोज ७ च्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० ला थांबल्या, विंडोज १० च्या नेहमीच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला. नवा घ्यायला पैसे नसतील तर जुन्यावर नुसते हिशेब लिहा, त्याला इंटरनेट जोडू नका, आणि बँकेचं काम त्यावर मुळीच करू नका.

अँटिव्हायरस विकत घ्यायलाच हवा का, असं प्रत्येक बैठकीत विचारलं जातं. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर नावाचा आधीपासूनच असतो, फुकट. तो चालू आहे ना, एवढं बघा. विकतचा घेतलात तर पावती घेऊन घ्या, आणि दोन-दोन एकावेळी टाकू नका. ते एकमेकांच्याच पायात येतात. पण ‘फुकटात पूर्ण चालणारं’ म्हणून कुणी क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकून देत असेल, तर नको म्हणा. असं क्रॅक टाकताना अँटिव्हायरस बंद करायला लावतात. राखणदाराला झोपवून घरात कोण येतं ते तुम्हीच ओळखा. मराठी टायपिंगसाठी तर अशी उसनवारी करायची गरजच नाही, विंडोजमध्ये मराठीचा कळफलक असतोच, सेटिंगमधून चालू करायचा.

मुलांसाठी आम्ही वेगळं खातं उघडून दिलं. त्यांच्या खात्यातून गेम खेळता येतो, पण नवीन काही टाकायला ताईंचा पासवर्ड लागतो. मुलगा दोन दिवस रुसला होता.

कधी इंटरनेट बघताना एकदम लाल पडदा येतो, भोंगा वाजतो, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा.’ तो व्हायरस नसतो, ती नुसती पाटी असते. खरी कंपनी पडद्यावर नंबर देऊन फोन करायला सांगत नाही. पान बंद करा, बंद होत नसेल तर सरळ कॉम्प्युटर बंद करा. फोन केलात तर पलीकडचा माणूस एखादं ॲप टाकायला सांगून तुमचा कॉम्प्युटर स्वतःच्या हातात घेतो आणि बँकेचं पान उघडायला लावतो.

योजनांच्या नावानं लिंक येतात, तेव्हा पत्ता वाचायला शिका. आपल्या नावात आडनाव शेवटी असतं ना, तसंच. सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’ला लागून असलेल्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या, त्यापुढच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी जे शेवटचं येतं ते आडनाव. महाराष्ट्र शासनाच्या योजनेचं पान असेल तर तिथं ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ हवं. सुरुवातीला योजनेचं नाव कितीही ठळक असो, आडनाव भलतंच असेल तर तो आपला पाहुणा नाही. आणि व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून किंवा योजनेचा अर्ज म्हणून ‘एपीके’ आलं, तर ती पत्रिका नाही आणि अर्जही नाही, ते फोनमध्ये बसणारं ॲप आहे. उघडू नका, पाठवणाऱ्याला साधा फोन करून विचारा.

पैसे गेलेच तर लाजत बसू नका. आधी १९३० ला फोन, मग बँकेला. हा केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढे जाण्याआधी अडवता येण्याची आशा जास्त.

खातेवही आता पुन्हा दर सभेला भरतो, पेननं. पुढच्या सोमवारी ग्रामसंघाची सभा आहे, दुसऱ्या पेनड्राइव्हची पाळी आहे. या वेळी प्रत काढायचं काम काकूंच्या त्या शेजारणीकडे दिलंय. ती स्वतःच मागून घेतलंन.