कार्टून बंद केलं की पोर का रडतं?

"सिस्टर, मोबाईल लावल्याशिवाय हा घासच घेत नाही."

घरभेटीला गेलो की हे वाक्य आम्हाला हमखास ऐकू येतं. सांगणारी आई मान खाली घालून सांगते, जणू गुन्हाच कबूल करतेय. सकाळी चार घरची धुणीभांडी, राहायला एक खोली, दाराबाहेर उघडं गटार आणि रिक्षांची वर्दळ. अंगणवाडी सुटल्यावर पोराला ठेवायचं कुठं? मग मोबाईल हेच पाळणाघर होतं. तिला बोल लावायला आम्ही तयार नाही. वॉर्डात नोकरीला असताना सलाईनची सुई लावायच्या वेळी लहान मुलांपुढे आम्हीही कार्टून धरलंय.

मुलांना त्यात काय सापडतं, ते आधी बघू. तीन-चार वर्षांच्या मुलाचं सगळं मोठी माणसं ठरवतात: कधी उठायचं, काय खायचं, कुणाकडे राहायचं. पण लाडू खाल्ला की छोटा भीम जिंकणार आणि समोसा पोटात गेला की मोटूला जोर चढणार, हे पोराला आधीच ठाऊक असतं. म्हणून तोच भाग दहाव्यांदा बघतानाही ते कंटाळत नाही. "आता बघ काय होतं," असं उलट आपल्यालाच सांगतं. अमेरिकेत १९९६ साली 'ब्लूज क्लूज' सुरू झालं, तेव्हा एकच भाग सोमवार ते शुक्रवार रोज दाखवत. मुलं कंटाळली नाहीत, पडद्यावरच्या प्रश्नांना जास्तच उत्तरं देऊ लागली. पुन्हा पुन्हा बघणं हा हट्ट नाही, शिकण्याची ती रीतच आहे.

मात्र सगळी कार्टून सारखी नसतात. २०११ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात चार वर्षांच्या ६० मुलांचे तीन गट केले. एका गटाला फार वेगवान कार्टून दाखवलं, त्यातलं दृश्य सरासरी ११ सेकंदांनी बदलत होतं. दुसऱ्याला संथ कार्टून, ३४ सेकंदांनी बदलणारं. तिसऱ्या गटाला कागद आणि रंग दिले. फक्त नऊ मिनिटं. त्यानंतर थांबणं, लक्षात ठेवणं, विचार करून वागणं यात वेगवान कार्टूनवाली मुलं मागे पडली. हा परिणाम लगेचचा होता. मेंदू कायमचा बिघडतो असं त्यातून निघत नाही. उगाच घाबरू नका, पण भाग निवडताना वेग बघा.

आता रडण्याचं. मोबाईलवर गोष्ट संपतच नाही, एक भाग सरला की दुसरा आपोआप लागतो. आपण मध्येच फोन ओढून घेतो, मग पोर आकांत करणार नाही तर काय करणार? एक-दोन संथ भाग आधीच डाउनलोड करून ठेवा आणि नेट बंद करून फोन हातात द्या. गोष्ट संपली की फोनही थांबतो. "हा भाग झाला की बंद," हे लावण्याआधी सांगा आणि तसंच करा. पहिले चार-पाच दिवस पोर रडेल, आजी मध्ये पडेल. आजीला आधी विश्वासात घ्या. बंद केल्यावर लगेच हाताला काम द्या: वाटाणे सोलायला, कणकेच्या गोळ्याचा भीम करायला. जेवताना फोन नकोच. पोट भरल्याचं पोराला कळत नाही. झोपायच्या आधी तासभरही नको.

किती वेळ? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं: दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर उत्तम. एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून तीन तास हालचाल आणि १० ते १३ तास झोप हवी. तीन तास म्हणजे मैदानच हवं असं नाही. जिने चढणं, पाण्याची बाटली आणून देणं, गाण्यावर नाचणं हे सगळं त्यात धरा.

एक गोष्ट मात्र मोबाईलवर ढकलू नका. दोन वर्षं पूर्ण झाली तरी मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, नावाने हाक मारली तरी वळत नसेल, नजरेला नजर देत नसेल, तर "मोबाईलमुळे असेल, होईल मोठेपणी" म्हणत थांबू नका. ऐकायला कमी येत असेल, दुसरंही कारण असेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. ते कधी येणार, हे उद्याच सेविकाताईंना विचारा. तारीख लांब असेल तर तोवर न थांबता सरकारी दवाखान्यात कान तपासून घ्या.