हयातीचा दाखला

निवृत्तिवेतन घेणाऱ्या प्रत्येक वृद्धास वर्षातून एकदा, बहुधा नोव्हेंबर महिन्यात, आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. तो न पोहोचल्यास वेतन थांबते. पूर्वी ह्यासाठी बँकेत समक्ष जाण्यावाचून सहसा गत्यंतर नसे. गुडघे थकलेल्यांस रिक्षाचे भाडे आणि रांगेतील ताटकळणे सोसावे लागे.

10 नोव्हेंबर 2014 रोजी केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’ योजना सुरू केली. आधार क्रमांकाच्या जोडीने बोटाचा ठसा किंवा डोळ्यातील बुबुळ पटले की दाखला संगणकाद्वारे तयार होतो. परंतु जन्मभर राबलेल्या बोटांच्या रेषा उतारवयात पुसट होतात. यंत्रास त्या ओळखता येत नाहीत. ही अडचण 2021 च्या नोव्हेंबरात बव्हंशी दूर झाली. तेव्हापासून चेहऱ्यावरून ओळख पटू लागली व साध्या अँड्रॉइड फोनवर घरबसल्या हे काम होऊ लागले. केंद्र सरकारच्या ऐंशी वर्षांवरील पेन्शनरांना तर 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो.

तथापि फोन समोर धरण्यास, सूचना होताच पापणी मिटावयास सांगण्यास, आलेला ओटीपी वाचण्यास कोणीतरी जवळ हवा. आणि तो ओळखीचाच हवा. ओटीपी अनोळखी माणसास फोनवर सांगितल्याने कित्येक वृद्धांची आयुष्याची पुंजी नाहीशी झाली आहे.

म्हणून आम्ही सुचवितो की, प्रत्येक गल्लीतील दोघातिघा तरुणांनी ऑक्टोबरातच आपल्या वृद्धांची यादी करावी. एकाच फोनवरून अनेकांचे दाखले भरता येतात. मिळालेला प्रमाण क्रमांक वहीत टिपून द्यावा आणि दाखला मान्य झाला की नाही, ह्याची काही दिवसांनी खात्री करून घ्यावी. ज्येष्ठांसाठी असलेला 14567 हा निःशुल्क मदतीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावून द्यावा.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. बँकेतील ती रांग कष्टाची खरी; परंतु तेथे जुने सोबती भेटत, चार सुखदुःखाच्या गोष्टी होत. यंत्राने वृद्धांचा हेलपाटा वाचविला, पण त्याबरोबर ती भेटही नाहीशी केली. तिची भरपाई कोणतेही यंत्र करू शकणार नाही. दाखल्याचे काम पाच-दहा मिनिटांत उरकेल. तरुणांनी त्यानंतर अर्धा तास तेथेच बसावे. आजी-आजोबा हयात आहेत हे सरकारास कळविणे पुरेसे नाही. शेजाऱ्यांसही त्याची जाणीव असावयास हवी.